कॅलेंडरवर ७ फेब्रुवारीला खूण करून ठेवा

रामबाग असो, सुदामानगर असो की राजेंद्रनगर, तुमच्या कपाटात मतदार ओळखपत्र, एफडीच्या पावत्या आणि डीमॅटचा पासवर्ड लिहिलेली वही एकाच कप्प्यात असणार. राहू द्या तिथेच. या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत असं अर्थशास्त्राच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं, पण ती लिहिणारे इंदुरात राहत नाहीत. कंपनीचा ताळेबंद वाचा असा सल्ला देणारे पुण्याचे व्याही तुम्हाला असतीलच. त्यांना पोहे-जिलबी खाऊ घाला आणि आपण निवडणूक आयोगाचं वेळापत्रक वाचत बसा.

सुरुवात एक्झिट पोलपासून करावी. १ जून २०२४ला तो शनिवारी संध्याकाळी आला. बाजार बंद, म्हणजे विचार करायला अख्खा रविवार हाताशी. अशा वेळी विचार करू नये. रात्री सराफ्यात भुट्ट्याचा किस खात उभं राहावं आणि जो सगळ्यात मोठ्याने बोलतोय त्याचं ऐकावं. सोमवारी, ३ जूनला, सेन्सेक्स अडीच हजार अंकांनी चढला. तुम्ही शेअर तेव्हाच घ्यायला हवेत, कारण मंगळवारी प्रत्यक्ष निकालाच्या दिवशी तो ४,३८९ अंकांनी आपटला तेव्हा घाबरून विकायला जवळ काहीतरी लागतंच ना. विकून झालं की तीन दिवस टीव्ही लावू नये. शुक्रवारी ७ जूनला बाजाराने नवा उच्चांक गाठला, ही बातमी रक्तदाबाला बरी नाही.

बरं, तुमच्या स्वतःच्या मतदारसंघात तर धाकधूक नव्हतीच. प्रमुख विरोधी पक्षाच्या उमेदवाराने अर्जच मागे घेतलेला, दुसऱ्या क्रमांकावर 'नोटा', तीही २ लाख १८ हजारांवर मतं घेऊन. पण तुमच्या म्युच्युअल फंडाचं भवितव्य त्या दिवशी अयोध्या ज्यात येते त्या फैजाबादला मोजलं जात होतं. मत इंदूरला द्यायचं आणि नुकसान उत्तर प्रदेशातून यायचं, याला आपण संघराज्य म्हणतो.

बाजाराला राजकारण कळतं यावर मात्र श्रद्धा ठेवा. १७ मे २००४ला डाव्यांच्या टेकूवरचं सरकार येणार म्हणून तो एका दिवसात अकरा टक्के पडला, व्यवहार दोनदा थांबवावे लागले. मग त्याच सरकारच्या राज्यात साडेचार हजारांवरचा सेन्सेक्स जानेवारी २००८पर्यंत वीस हजारांच्या वर गेला. १८ मे २००९ला, डाव्यांची गरज संपली म्हणून, तो सतरा टक्के उसळला आणि त्या दिवसापुरता बाजार बंदच करावा लागला. कुणाला घाबरायचं हे बाजाराला आधी कळतं, का घाबरायचं ते नंतर.

आता व्याजदर. रिझर्व्ह बँक स्वतंत्र आहे, यावर कुणाशी वाद घालू नका. तिचा गव्हर्नर सरकार नेमतं. व्याजदर ठरवणाऱ्या पतधोरण समितीच्या सहा सदस्यांपैकी बाहेरचे तिघे सरकार नेमतं. महागाईचं चार टक्क्यांचं लक्ष्य बँकेशी सल्लामसलत करून सरकारच ठरवतं, आणि १९३४च्या कायद्याचं सातवं कलम सरकारला बँकेला निर्देश द्यायची मुभा देतं. एवढं सोडलं तर ती पूर्ण स्वतंत्र आहे.

म्हणूनच ७ फेब्रुवारीला खूण करायला सांगतोय. १० डिसेंबर २०१८ला ऊर्जित पटेल यांनी वैयक्तिक कारणास्तव राजीनामा दिला. आपल्या मध्यप्रदेशची मतमोजणी दुसऱ्या दिवशी होती, तेव्हा तुमचं तिकडे लक्ष नसणार. १२ तारखेला शक्तिकांत दास आले. १ फेब्रुवारीच्या अंतरिम अर्थसंकल्पात पाच लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला करसवलत मिळाली आणि ७ फेब्रुवारी २०१९ला रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बाकीच्या बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो, साडेसहा टक्क्यांवरून सव्वासहा झाला. लोकसभेची निवडणूक दोन महिन्यांवर होती. आता सहा वर्षं पुढे चला. डिसेंबर २०२४ला दास गेले, संजय मल्होत्रा आले. १ फेब्रुवारीला बारा लाखांपर्यंत करमुक्ती, ५ तारखेला दिल्लीत मतदान, आणि ७ फेब्रुवारी २०२५ला रेपो दर साडेसहावरून सव्वासहा. तीच तारीख, तोच दर, तेवढीच कपात. दोन्ही वेळा महागाई उतरत होती, हे अगदी खरं आहे. महागाईलाही शेवटी कॅलेंडर कळतं.

हे सगळं आत्ताच सुरू झालं असं तुमचा पुतण्या म्हणेल. त्याला १९५७ सांगा. तेव्हाचे गव्हर्नर बेनेगल रामा राव यांचं अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींशी बिनसलं, नेहरूंनी अर्थमंत्र्यांची बाजू घेतली आणि सार्वत्रिक निवडणुकीच्या तोंडावर, जानेवारीत, रामा राव घरी गेले. आपले चिंतामणराव देशमुख पहिले भारतीय गव्हर्नर होते एवढं अभिमानाने जोडून द्या आणि विषय बदला.

पोस्टातली बचत मात्र सगळ्यात सुरक्षित. ३१ मार्च २०२१च्या संध्याकाळी सरकारने अल्पबचतीचे व्याजदर कापले. पीपीएफ ७.१वरून ६.४, ज्येष्ठ नागरिकांची योजना ७.४वरून साडेसहा. रामबागेत त्या रात्री किती जणांना झोप लागली नसेल, विचार करा. सकाळी अर्थमंत्र्यांनी कळवलं की आदेश नजरचुकीने निघाला होता, तो मागे घेतला जाईल. योगायोगाने त्या दिवशी बंगालमध्ये दुसऱ्या टप्प्याचं मतदान होतं. तेव्हा निवृत्तांनो, आपलं व्याज टिकावं असं वाटत असेल तर देशात कुठे ना कुठे सतत निवडणूक चालू राहील एवढं बघा. 'एक देश, एक निवडणूक' म्हणणाऱ्यांना हा मुद्दा कुणीतरी समजावून सांगायला हवा. पाच वर्षांतून एकदाच नजरचूक सुधारली तर आपण जगायचं कसं?

माळव्यात राहून तुम्हाला आणखी एक सोय आहे. इथे पतधोरण शेतात उगवतं. सप्टेंबर २०२४मध्ये सोयाबीन ४,८९२ रुपयांच्या हमीभावाच्याही खाली गेलं. शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर काढले, सहा हजारांचा भाव मागितला. तुमचं बायपासपलीकडे वडिलोपार्जित चार एकर असेल तर तुम्हीही हळहळलात. शेजारच्या महाराष्ट्रात विधानसभा तोंडावर, तिथेही सोयाबीनच. केंद्राने १४ सप्टेंबरला कच्च्या खाद्यतेलावरचा आयात कर साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेला. तुम्ही म्हणालात, वा, शाबास! महिनाभरात तेलाचा डबा महागला. वहिनींनी विचारलं तेव्हा तुम्ही सरकारला शिव्या दिल्यात, आणि त्याही मनापासून. ऑक्टोबरची किरकोळ महागाई ६.२१ टक्के निघाली. मोठा हात भाज्यांचा, पण तेलानेही आपलं कर्तव्य केलं. सहाच्या वर महागाई असताना व्याजदर कापणार कोण? मग चिरंजीवांच्या निपानियातल्या फ्लॅटचा हप्ता तसाच राहिला, म्हणून तुम्ही रिझर्व्ह बँकेला शिव्या दिल्यात. वाणिज्यमंत्र्यांनीही नोव्हेंबरमध्ये व्याजदर कमी व्हायला हवेत असं जाहीर सांगितलं, तेव्हा तुम्हाला फार बरं वाटलं. नंतर दर कमी झाला, हप्ता उतरला, आणि तुमची एफडी नव्या दराने नूतनीकरणाला आली. आता शिव्या द्यायला कोण उरलं? ज्याने शेतकरी म्हणून भाव मागितला, गिऱ्हाईक म्हणून स्वस्ताई मागितली, बाप म्हणून व्याज कमी मागितलं आणि म्हातारा म्हणून जास्त मागितलं, त्याचं नाव मतदार यादीत एकदाच असतं ही निवडणूक आयोगाची मोठीच त्रुटी आहे.

राज्य सरकारच्या 'लाडली बहना' योजनेवर मात्र टीका करू नका. जून २०२३पासून सव्वा कोटीहून जास्त बहिणींना महिना हजार रुपये सुरू झाले, नोव्हेंबरच्या मतदानाआधी त्याचे साडेबाराशे झाले. कट्ट्यावर बसून तुम्ही 'रेवडी, रेवडी' करता. राज्य सरकार कर्ज काढतं ते रिझर्व्ह बँकेच्या मंगळवारच्या लिलावात रोखे, म्हणजे कर्जाच्या पावत्या, विकून. ते विकत घेतात बँका, विमा कंपन्या, भविष्यनिर्वाह निधी. म्हणजे तुमची एफडी, तुमची पॉलिसी, तुमचा पीएफ. बहिणीला ओवाळणी राज्याने घातली, पाकीट तुमचं होतं, आणि त्यावर तुम्ही व्याजही घेता. इतकी सोयीची रेवडी दुसरी नाही. कामवाल्या मावशींसमोर तरी हा विषय काढू नका, त्या हिशेबाला पक्क्या असतात.

शेवटी, एवढं करूनही घरच्या पैशाची वाढ महागाईच्या मागे पडलीच, तर काय करायचं याची रीत खुद्द रिझर्व्ह बँकेने घालून दिलेली आहे. सलग तीन तिमाह्या महागाई सहा टक्क्यांच्या वर राहिली की बँकेने कारणं लिहून सरकारला अहवाल द्यावा, असं कायदा म्हणतो. २०२२मध्ये ती वेळ आली. ३ नोव्हेंबरला पतधोरण समितीची खास बैठक झाली, पत्र गेलं, आणि ते जाहीर केलं नाही. तुम्हीही तसंच करा. तीन तिमाह्या तोटा झाला की दुपारी जेवणानंतर दार लावून बैठक घ्या, चहा मागवा, सविस्तर कारणमीमांसा लिहा, पाकिटावर सौभाग्यवतींचं नाव घाला आणि पाकीट कपाटाच्या त्याच कप्प्यात ठेवून किल्ली आपल्याकडे ठेवा. विचारलंच तर सांगा, मजकूर गोपनीय आहे.