माल ड्युप्लिकेट नव्हता, पण पिन कुठे आहे?

नमस्कार भाऊ,

आमच्या गाडीच्या स्पेअर पार्टच्या दुकानाबद्दलचा तुमचा रिव्ह्यू काल रात्री मुलाने वाचून दाखवला. एक स्टार, आणि खाली लिहिलंय की 2007च्या ऑल्टोला पुढचं सगळं सामान आमच्याकडून नेलं, घरी स्वतः बसवलं, लोअर आर्मचे, म्हणजे पुढचं चाक खालून गाडीला धरणाऱ्या दांड्याचे, रबरी बुश 2 महिन्यांत फाटले म्हणजे माल ड्युप्लिकेट, पुढचे दोन्ही टायर आतून खाल्ले, परत घेऊन आलो तर घेतलं नाही, वर दुकानदार उद्धट आणि अलाइनमेंटवाल्याचं (चाकं सरळ लावून देणाऱ्याचं) कमिशन खातो. एवढं सगळं एका दमात म्हटलंय तर उत्तर पण लांबच होणार, मोबाईलवर टाइप करतोय, चुकलं माकलं सांभाळून घ्या.

आधी आमची चूक. काउंटरवरच्या पोराने पहिल्यांदा दोन्ही आर्म डाव्या बाजूचे दिले, ते खरं आहे. तुम्ही घरी मांद्र्याला जाऊन गाडी उघडून बसलात, मग कळलं, मग दुसऱ्याची स्कूटर मागून परत चोपड्याच्या पुलावरून म्हापशाला दुकानात, ते पण शुक्रवारी, बाजाराच्या गर्दीत. आर्म बदलून दिला पण तुमचा अर्धा दिवस गेला आणि मी साधं सॉरी पण म्हटलं नाही. आता म्हणतो, सॉरी. उद्धटपणाचं म्हणाल तर माझा आवाजच तसा आहे, घरीपण हीच तक्रार असते, पण शुक्रवारी दुपारी 1 वाजता काउंटरवर 10 माणसं असताना तो जरा जास्तच वाढतो हे मान्य.

आता मालाचं. तुम्ही फाटलेले दोन्ही आर्म निळ्या पिशवीतून आणून काउंटरवर आपटलेत ना, तुम्ही गेल्यावर मी ते उजेडात नेऊन नीट बघितले. रबर कडक झालेलं नाही, बोटाने दाबलं तर मऊ आहे, भुगा होत नाही, आणि दोन्ही बुश एकाच बाजूला, एकाच तिरक्या रेषेत फाटलेत. खराब रबर असं ठरवून एका रेषेत फाटत नाही हो. हे पिळून फाटलंय. आणि का पिळलं ते तुम्हीच रिव्ह्यूत लिहिलंय, "जॅकवर असतानाच सगळं फुल टाइट करून मग गाडी खाली घेतली." तिथेच झालं.

बुश म्हणजे बाहेर एक लोखंडी नळी, आत एक लोखंडी नळी आणि मधे रबर, ते रबर दोन्हीला चिकटवलेलं असतं. बेअरिंगसारखं ते फिरत नाही. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटला पक्की होते आणि आर्म वरखाली झाला की मधलं रबर पिळलं जातं, परत सुटतं, तेच त्याचं काम. आता तुम्ही बोल्ट आवळलात तेव्हा चाक हवेत, आर्म खाली लोंबकळत होता, म्हणजे रबराची आरामाची जागा ती ठरली. गाडी जमिनीवर उतरवली, वजन आलं, आर्म वर गेला आणि रबर पिळलं गेलं ते तसंच राहिलं, गाडी अंगणात उभी असतानासुद्धा. ओला टॉवेल पिळून पिळलेलाच दोरीवर टांगून ठेवावा तसं. त्यात पावसाळ्यातले आपले रस्ते. 2 महिने टिकला हेच खूप म्हणायचं.

बोल्ट आधी हाताला लागेल इतपतच बसवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, पुढून दोन चार वेळा दाबून हलवायची म्हणजे ती आपल्या उंचीला बसते, आणि मग बुशचे बोल्ट फायनल आवळायचे. खाली शिरायला जागा नसेल तर बॉल जॉइंटच्या (आर्मचा चाकाकडचा सांधा) खाली दुसरा जॅक लावून आर्म तेवढाच वर उचलायचा आणि मग आवळायचा. घाईत गॅरेजवालेसुद्धा हे चुकतात. आणि सामान देताना हे दोन वाक्यांत सांगणं माझं काम होतं, तुम्ही घरी करणार हे तुम्ही बोलला होतात, मी सांगितलं नाही. म्हणून आर्मची नवीन जोडी निम्म्या किमतीत देतो. फुकट देणार नाही कारण मालात दोष नाही, आणि बसवलेलं सामान परत घेत नाही हे बिलावर मराठीत छापलंय.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो, जुने बोल्ट तुम्ही काढलेत त्याला दाद आहे. दर्यापासून हाकेवर घर, खारा वारा, वर 4 महिने पाऊस आणि आर्मच्या खाचेत बसलेली लाल माती जी दिवाळीपर्यंत सुकत नाही, त्या बोल्टचं काय झालेलं असतं ते मला माहीत आहे. आटे नाही जाम होत, बोल्टचा दांडाच बुशच्या आतल्या नळीत गंजून एकजीव होतो. नट निघतो, आपण खूश होतो, आणि बोल्ट जागचा हलत नाही, फिरवला तर नुसतं रबर पिळून परत येतो. तुम्ही आदल्या रात्री ऑइल मारून ठेवलंत, दुसऱ्या दिवशी हातोडा, आणि शेवटी ग्राइंडरने दोन्ही बाजूंनी कापलात, बरोबर केलंत. टॉर्चने तापवला नाहीत ते तर फारच बरं, रबर पेट घेतं आणि धूर डोळ्यांत. आता परत बसवताना नव्या बोल्टच्या दांड्याला ग्रीस फासा, आट्यांना नको, म्हणजे पुढच्या वेळी ग्राइंडर लागणार नाही.

टायरचं. तुम्ही शॉकअप बदललेत, आर्म बदललेत, टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडतो तो सांधा) पण बदललेत, आणि अलाइनमेंट घरी सुतळी लावून केलीत. सुतळीने होत नाही असं मी म्हणणार नाही, जुने मिस्त्री तसंच करायचे आणि चांगलं करायचे, पण त्यांची जमीन सपाट असायची. तुमच्या फोटोत अंगणाचा उतार दिसतोय, पाणी वाहून जायला मुद्दाम केलेला. टाय रॉड एंड अर्धा आटा जरी कमी जास्त बसला तरी चाकाचं तोंड बदलतं. शॉकअप खाली ज्या दोन बोल्टवर बसतो तिथेही भोकात थोडी ढील असते, उघडण्याआधी खूण केली नसेल तर चाक वरून आत किंवा बाहेर कलतं. टायर आतूनच खाल्ला त्याचं कारण या दोनांतलं एक नाहीतर दोन्ही. म्हणून मी अलाइनमेंट करून घ्या म्हटलं होतं. कमिशन सोडा, त्या माणसाने मला आजवर एक चहा पाजलेला नाही. कुठेही करा, पर्वरीला करा, पणजीला करा, पण करा, आणि नवीन आर्म बसवल्यावर करा, आधी करून पैसे घालवू नका.

इथपर्यंतचं सगळं पैशांचं झालं. खरं तर मी रात्री उत्तर लिहायला बसलो ते तुमच्या तिसऱ्या फोटोमुळे.

त्या फोटोत गाडी एका चिऱ्यावर, बांधकामाच्या जांभ्या दगडावर, ठेवलेली आहे आणि तुमचे पाय गाडीखालून बाहेर आलेत. भाऊ, चिरा भिंतीला चांगला. त्याला भोकं असतात, पावसात पाणी प्यालेला असतो, आणि गाडीचं वजन एका कडेवर आलं की तो काही न सांगता फुटतो. असं घरी काम करणाऱ्यांसाठी आमच्याकडे गाडी टेकवायचे दोन स्टँड पडून असतात, डिपॉझिट ठेवा, घेऊन जा, काम झालं की आणून द्या. जॅक फक्त उचलायला, खाली शिरायचं ते स्टँड लावूनच. आणि नवीन आर्म बसवण्याआधी तो जिथे चेसीला, गाडीच्या सांगाड्याला, लागतो त्या ब्रॅकेटच्या कडा स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा, फोटोत तिथे पापुद्रे दिसतायत. टणक लागलं तर ब्रश मारून रंग लावा. स्क्रूड्रायव्हर आत गेला तर मला आर्म विकायचा नाहीये, आधी वेल्डिंगवाला.

आणि फोटो मोठा करून बघा, उजव्या चाकाच्या टाय रॉड एंडचा नट. वर खाचा असलेला तो नट. त्यातून स्प्लिट पिन (नट सुटू नये म्हणून घालून टोकं वाकवतात ती) आरपार जायला पाहिजे, भोक रिकामं दिसतंय. पलीकडची बाजू फोटोत नाही, तीही बघा. हा नट हळूहळू सैल होत उतरला तर स्टिअरिंग तुमच्या हातात आणि चाक त्याच्या मर्जीने, आणि तुम्ही गणेश चवथीला सगळ्यांना घेऊन गाडीने गावी जाणार असं रिव्ह्यूतच लिहिलंय. तोपर्यंत थांबू नका, आजच बघा. पिन नसेल तर गाडी जागेवरून हलवू नका, स्कूटरने या. जुनी वाकवलेली पिन सरळ करून घालू नका, खिळा किंवा तार तर नकोच. भोक आणि खाच जुळत नसेल तर नट जरा पुढे आवळून जुळवा, मागे सैल करून नाही.

दुकान सकाळी 9ला उघडतं. पोराला सांगून ठेवलंय, मांद्र्याचे ऑल्टोवाले आले की 4 पिना द्यायच्या आणि पैसे घ्यायचे नाहीत.