फ्रँकोला मोबुटूचा भाट म्हणण्याआधी

काँगोच्या रुम्बाचा, म्हणजे तिथल्या नाचाच्या संगीताचा विषय निघाला की एक मत हमखास फिरतं: गायक-गिटारवादक फ्रँको लुआम्बो हा तिथला हुकूमशहा मोबुटूचा भाट. सरकारनं त्याला मोठं केलं, त्यानं सरकारचे गोडवे गायले. गिटार म्हणाल तर यथातथाच, खरा वादक डॉ. निको.

सरकारनं मोठं केलं? फ्रँकोचा ओके जाझ हा बँड १९५६ साली लिओपोल्डव्हिलमध्ये, म्हणजे आजच्या किन्शासात, एका बारच्या नावावरून उभा राहिला. मोबुटूनं सत्ता बळकावली १९६५ च्या नोव्हेंबरात. तोवर फ्रँकोचं नाव झालेलं होतं.

गिटारचं म्हणणं मात्र अर्धवट ऐकण्यातून आलंय. निकोचं वादन सुरेल, वाहतं. त्यानं हवाईयन गिटारही रुम्बात आणली. फ्रँको अंगठा आणि तर्जनीनं दोन तारा एकदम छेडायचा, एकच तुकडा घोळवत राहायचा. सेबेन, म्हणजे गाण्यातलं गायन संपल्यावर नाचणाऱ्यांसाठी चालणारा वाद्यांचा भाग, अशाच घोळवण्यावर तापतो. सफाईदार तानांची अपेक्षा ठेवून तो ऐकला तर कंटाळाच येणार. निको जास्त आवडतो म्हणा, हरकत नाही, पण ती आवड झाली.

राहिले गोडवे. ते त्यानं गायले, आणि हे झाकण्यात अर्थ नाही. १९८४ मध्ये मोबुटूच्या उमेदवारीचा प्रचार करणारं गाणं त्यानं काढलं, तेही समोर दुसरा उमेदवारच नसताना! पण १९६६ च्या जूनमध्ये मोबुटूनं माजी पंतप्रधान एव्हारिस्त किम्बांसह चौघांना हजारोंच्या गर्दीसमोर फासावर चढवलं, त्यानंतर फ्रँकोचं ‘लुवुम्बू न्डोकी’ आलं. माणसं खाणाऱ्या चेटक्याचं गाणं. रोख कुणावर आहे ते सरकारलाही कळलं आणि गाणं बाजारातून उचललं गेलं. १९७८ मध्ये अश्लील गाण्यांसाठी त्याला तुरुंगात टाकलं, तेव्हा सरकारी वकिलांचे प्रमुख होते केंगो वा डोंडो. पुढे केंगोंचं पद गेलं आणि फ्रँकोनं एका शिंप्याचं गाणं काढलं: मालकानं सुई परत घेतली, आता शिवणार कशानं? शिंपी कोण, ते किन्शासात सगळ्यांनी लगेच ओळखलं. आणि सुईचा मालक कोण, तेही.