‘तेल कंपन्यांनी दाबलेली’ १८९९ ची इलेक्ट्रिक गाडी: विक्रम खरा, निष्कर्ष खोटा

“१८९९ मध्येच फ्रान्समध्ये इलेक्ट्रिक गाडी ताशी १०० किलोमीटरच्या पुढे गेली होती. तेल कंपन्यांनी ती दाबली, नाहीतर पेट्रोल लागलंच नसतं.” टॉर्पेडोच्या आकाराच्या गाडीच्या फोटोसह हा मजकूर सतत फिरतो. त्यातलं पहिलं वाक्य बरोबर आहे.

गाडीचं नाव ‘ला जामे कोंतांत’, म्हणजे कधीच समाधान न होणारी. २९ एप्रिल १८९९ रोजी पॅरिसजवळ आशेर इथे बेल्जियमच्या कामिय जेनात्झीने तिच्यातून एक किलोमीटर ३४ सेकंदांत कापला. वेग ताशी १०५.८८ किमी. आधीचा विक्रमही इलेक्ट्रिकचाच होता: ४ मार्चला फ्रान्सच्या शासलू-लोबाने जांतो कंपनीच्या गाडीत ताशी ९२.७८ किमी गाठले होते.

“म्हणजे इलेक्ट्रिक गाडी सरस होती.” एका किलोमीटरपुरती, हो. मागच्या चाकांना थेट जोडलेल्या दोन मोटारी, प्रत्येकी सुमारे २५ किलोवॅटच्या. गिअर बदलायची भानगडच नाही. पण हिशेब करा: ५० किलोवॅट ३४ सेकंद वापरले तर अर्धं युनिटही खर्च होत नाही. लांब पल्ल्याला मात्र शिशाची बॅटरी आड येते. करंट जितका जास्त ओढाल तितकी तिच्यातून मिळणारी एकूण ऊर्जा कमी, कारण प्लेटच्या छिद्रांतलं ॲसिड संपतं आणि बाहेरचं तितक्या वेगाने आत झिरपत नाही. प्लेटा तापून वाकतात, त्यांच्यावरचा लेप झडून तळाशी साचतो आणि सेल आतूनच शॉर्ट होतो. आजची शिशाची बॅटरीसुद्धा किलोमागे ३० ते ४० वॅट-तास देते. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२,००० असतात. इंजिनाने पाचातले चार भाग वाया घालवले तरी २,४०० उरतात. वादाचं मूळ या आकड्यांत आहे.

“आकारच काळाच्या पुढे होता.” बॉडी हलक्या ॲल्युमिनियम मिश्रधातूची होती, हे मान्य. पण चाकं, ॲक्सल उघडे आणि चालक कमरेपासून वर वाऱ्यात. हवेला कापायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे आकाराचा बराचसा फायदा तिथेच गेला.

“तेल कंपन्यांनी दाबली.” त्या काळी तेल कंपन्यांचा मुख्य माल दिव्याचं रॉकेल होता. हा विक्रम मोडला तो वाफेच्या गाडीने: १३ एप्रिल १९०२ रोजी फ्रान्समधल्या नीस इथे सेर्पोलेने ताशी १२०.८ किमी गाठले. पेट्रोलची मोर्स गाडी त्याच ऑगस्टमध्ये १२२.४ वर पोहोचली. आणि दाबलेली म्हणतात ती गाडी कॉम्पिएन्यच्या संग्रहालयात आहे. शहरातल्या ग्राहकाला इलेक्ट्रिक गाडी सोयीची वाटायची, कारण इंजिन सुरू करायला हँडल मारावं लागत नसे. १९१२ मध्ये कॅडिलॅकने पेट्रोल गाडीला इलेक्ट्रिक स्टार्टर बसवला आणि ही सोयही पेट्रोलकडे गेली.