आई फोन उचलेना

गेल्या महिन्यात मी नवीन नंबरवरून आईला तीनदा फोन केला. तिने उचलला नाही. "पुन्हा कर्जवाले असतील म्हटलं," असं ती नंतर म्हणाली. तिचे गुडघे दुखतात. आधी प्रत्येक घंटीला ती भिंतीचा आधार घेत उठायची, आता उठणंच सोडलंय. जाहिरातीचे फोन नकोत म्हणून १९०९ वर नोंद करूनही ते थांबलेले नाहीत.

मी राहतो त्या इंग्लंडमध्ये ओटू या मोबाईल कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'डेझी' आणली. कृत्रिम बुद्धिमत्तेची ही आजी विणकामाच्या आणि घरच्या गप्पांत फोनवरच्या ठगांना चाळीस मिनिटांपर्यंत अडकवून ठेवायची. घरच्या ग्रुपवर तेव्हापासून एकच मागणी आहे, आपल्याकडेही अशी आजी बसवा, छळू दे त्या विमावाल्यांना.

मला हे पटत नाही. डेझी लुबाडणाऱ्यांसाठी होती, त्यांचा वेळ खुशाल जावा. विमा विकणारी मुलगी मात्र हेडफोन लावून समोरचा कागद वाचत असते. यंत्राने तिचा अर्धा तास खाल्ला तर कंपनीचं थोडंफार नुकसान होईल, पण त्या दिवसाचं टार्गेट चुकतं ते तिचं. तिच्या हाती नंबरांची यादी देणारा नामानिराळाच राहतो. इथे इंग्लंडमध्ये टीपीएस, म्हणजे विक्रीचे फोन नको असणाऱ्यांच्या यादीत, नोंदवलेल्या नंबरवर परवानगीशिवाय विक्रीचा फोन केला तर दंड कंपनीला होतो. धाक तिथेच हवा.

एअरटेलने सप्टेंबर २०२४ पासून 'संशयित स्पॅम' अशी सूचना दाखवायला सुरुवात केली. चांगलं केलं. पण ती सूचना घंटीबरोबर येते. आईने उठायचं, चष्मा शोधायचा आणि मग वाचायचं की उठायला नको होतं! दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमाने जाहिरातीचे फोन १४० ने सुरू होणाऱ्या नंबरवरूनच यायला हवेत. ते मुकाट बंद ठेवणं यंत्राला सोपं आहे. खरा त्रास साध्या दहा आकडी नंबरांचा आहे. तिथे यंत्राने घंटी वाजण्याआधीच विचारावं, कोण बोलतंय, काय काम आहे. गूगल आणि ॲपलच्या काही फोनमध्ये ही सोय आलेली आहे. आईच्या साध्या फोनवर ती नेटवर्ककडूनच मिळायला हवी, आणि मराठीत.

मग अनोळखी नंबरवरूनही मी माझं नाव सांगेन, आणि आई उठेल.