नडगी माझी मोडली, पोट गावाचं दुखतंय

सकाळपासून चौघं विचारून गेले, "काय रे, पळून आला का?" अरे पळता आलं असतं तर इथं कशाला आलो असतो लेकाहो! नडगीच्या हाडाला चीर गेलीय, स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतेत त्याला, फौजेत अग्नीवीरच्या ट्रेनिंगला होतो, तिथून महिनाभराच्या सिक लिव्हवर आलोय. पण आमच्या केज तालुक्यात ट्रेनिंगमधून मधीच घरी आलेलं पोरगं म्हंजे पळूनच आलेलं, विषय संपला.

नवव्या आठवड्यात सुरू झालं. उजव्या नडगीवर रुपयाएवढी एकच जागा, बोट दाबलं की डोळ्यापुढं काजवे. एमआय रूमला, म्हंजे फौजेच्या दवाखान्यात गेलो तर एक्सरे क्लिअर! झालं, ट्रेनिंग देणारे उस्ताद म्हणले "बहाना मत बना". आता ही असली बारीक चीर पहिले दोन-तीन आठवडे एक्सरेत बऱ्याचदा दिसतच नाही, एमआरआय केला तर कळते, हे मला नंतर डॉक्टरनीच सांगितलं, पण तवर मी त्याच पायावर पळतोय, पाठीवर वजन, ड्रिलला सिमेंटवर टाच आपटतोय, अन् रात्री पाय भिंतीला टेकवून गप पडतोय. दुसऱ्यांदा सिक रिपोर्ट केलाच नाही मी. रोज एमआय रूमला जाणाऱ्याला पोरं कामचोर म्हणतेत, अन् जास्त दिवस बुडले की रेलिगेट, म्हंजे मागच्या बॅचमध्ये. शेवटी पाच किलोमीटरच्या रनिंगमध्ये बसलोच खाली, उठताच येईना. झालो रेलिगेट. ज्याला भ्यालो तेच झालं, वर हाड गेलं ते वेगळंच.

माझ्या बॅचची कसम परेड होईल, ट्रेनिंग संपल्यावरची शपथेची, आईबापाला बोलवतेत त्याला, अन् माझे आईबाप मला विचारतेत तुपली कधी? काय सांगू? अग्नीवीरची चार वर्षं ट्रेनिंग धरून आहेत, त्यातून पुढं फक्त २५ टक्के ठेवणार, अन् मी इथं बाजेवर पाय वर करून. मेडिकल बोर्डानं घरीच पाठवलं तर भरपाई अपंगत्वाच्या टक्क्यावर ठरते, सगळ्यात खालच्या पायरीला १५ लाख. एका नडगीचे तेवढे टक्के कोण भरून देणार मला?

राग सेंटरवर आहेच, पण इथल्या भरतीच्या ॲकॅडमीवाल्यावर जास्त आहे. दोन वर्षं पहाटे चारला डांबरी रोडवर पळवलं, चारशेच्या बुटात, का तर १६०० मीटर साडेपाच मिनटात बसलं पाहिजे. नडगी तेव्हाबी दुखायची की! "दुखतंय म्हंजे बनतंय" म्हणायचा. आता फोन उचलत नाही भाऊ.

आन् सल्ले! चुलती म्हणते तेल लावून रगडते. अगं फ्रॅक्चर आहे ते, कणीक नाही! मामाचं तर येगळंच, "आमच्या पोराला तर कायबी झालं नाही". बरं मामा.

यंदा पहिल्या पगारावर आईबापाची ऊसतोडीच्या मुकादमाची उचल टाळायची म्हणलो होतो, हातात २१ हजार येतेत महिन्याला. बाप काय बोलत नाही, फक्त काल कोयत्याला धार लावीत बसला होता.

फाट्यावर माझा बॅनर आहे अजून, गुलालात भरलेला फोटो, खाली सगळ्या मित्रमंडळाची तोंडं. उतरवा म्हणलं तर तीच मंडळी म्हणतेत, तूच चढ की खांबावर, फौजी ना तू.