सत्कार आवरा, कुस्ती लावा!

निम्मं आयुष्य तालमीच्या लाल मातीत गेलं माझं, म्हणून बोलतोय. जत्रेतलं कुठलंही मैदान बघा. पैलवान लांग चढवून, अंग गरम करून उभा. आणि आखाड्यात कोण? पुढारी! फेटे, शाली, नारळ, भाषणं. त्यात तास जातो. अंग थंड पडलं की खांदा निखळतो, गुडघा जातो. ते कोण भरून देणार? शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबाग मैदान बांधलं, चहूबाजूंनी चढती बैठक दिली, ती शेवटच्या माणसालाही डाव दिसावा म्हणून. आता दिसतात सत्काराला उभ्या राहिलेल्यांच्या पाठी! इनामाचा आकडा माईकवर लाखात, हातात पडतो निम्मा, तोही हेलपाटे घालून. आणि शेवटची निकाली कुस्ती? वेळ संपला म्हणून बरोबरीत सोडवली. अहो, लोक टेम्पो करून आलेत ती बघायला!