तीन कोट

रंगाऱ्यानं वहीच्या पानावर 'हॉल, तीन कोट' असं लिहून दिलं आणि मी ॲडव्हान्स दिला. काम संपलं तरी भिंतीतून जुना हिरवा रंग डोकावत होताच. विचारलं, तर म्हणतो, "पुट्टी एक, प्रायमर एक, रंग एक. झालं की तीन!"

आजीच्या वेळी रंगाचे 'हात' मारायचे. अस्तराचा एक, वर रंगाचे दोन. भांडणाला जागाच नव्हती. भांड्याला कल्हई, दागिन्याला मुलामा, जमिनीला सारवण. आता रंगाला कोट, नेलपॉलिशला कोट, गाडीच्या बुडाला कोट आणि नवरदेवालाही कोटच. त्यात आमचा सातारा, इथं कोट म्हणजे मुळात तटबंदी.

आवाज ऐकून शेजारचे आबा चहाचा कप घेऊनच आत आले. म्हणाले, "भांडताय कशाला? मोजू की." आणि मी हां-हां म्हणेपर्यंत त्यांनी स्कूटरची किल्ली दारासमोरच्या भिंतीत खुपसली.

"ह्यो तुमचा रंग. ह्यो प्रायमर. पुट्टी दिसंना ती?"

"खिळ्यांच्या भोकात हाय," रंगारी म्हणाला.

"बरं. ह्यो हिरवा. आकाशी. गुलाबी, ह्यो आधीच्या मालकाच्या पोरीच्या लग्नातला. पिवळा. आन् तळाला चुना."

"चुना मी नाय लावला हां," रंगाऱ्यानं घाईनं सांगितलं.

आबांनी बोटांवर मोजलं. "सात! तीनच्या पैशात सात कोट. पेढे काढा, कंदी!"

मागच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो. औरंगजेबानं १६९९ च्या डिसेंबरात त्याला वेढा घातला, सुरुंग लावले, तरी किल्ला हाती यायला १७०० चा एप्रिल उजाडला. आबांना माझा कोट फोडायला चहा निवायच्या आत जमलं.

रंगाऱ्यानं उरलेले पैसे मोजून घेतले, वर भोक बुजवायचे वेगळे मागितले. खरं सांगतो, पैशांपेक्षा मला त्याचं ते 'झालं की' जास्त लागलंय. तीन शब्दांच्या कराराचा अर्थ विचारायचं मला सुचलं नाही, आणि घरात रोज त्याची आठवण करून दिली जाते.

भोकावर आता कॅलेंडर टांगलंय. परवा आबा पाहुण्यांना घेऊन आले, चपला काढल्या, सरळ आत येऊन कॅलेंडर वर उचललं आणि म्हणाले, "हे बघा, सात."